सरड्याची धाव फांदीपर्यंत

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण तुम्ही अनेकदा ऐकली असेल. ज्याने ही म्हण केली त्याच्या डोळ्यांपुढे आपल्या परसातला, कुंपणावर बसून मान वरखाली करणारा साधा सरडा असणार. या लेखातला सरडा त्याचा दूरचा भाऊबंद आहे. मराठीत त्याला सरडगुहिरा म्हणतात, काही भागांत घोयरा. इंग्रजीतला शॅमेलिऑन तो हाच. धावणे हा त्याचा स्वभावच नव्हे. एक पाऊल उचलायचे, वाऱ्याने पान झुलावे तसे मागेपुढे झुलायचे आणि मग ते पाऊल टाकायचे, अशी त्याची चाल. अंडी घालण्यासाठी मादी जमिनीवर उतरते, तेवढे सोडले तर त्याचे बहुतेक आयुष्य फांदीवर जाते.

पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसाने फांद्यांवर लेख का लिहावा, असे तुम्हाला वाटेल. त्याला कारण माझा भाचा. तो अमेरिकेत ओहायो राज्यात नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने तेथे पिंजऱ्यातच जन्मलेला एक नर सरडगुहिरा रीतसर विकत घेतला आणि मला फोन केला. ‘‘मामा, जाळीचं घर आलं, दिवे आले, कुंड्या आल्या. आता फांद्या कशा लावू ते तुम्ही सांगा.’’ मला वाटले, हा सजावटीचा प्रश्न आहे. मी म्हटले, ‘‘अरे, दिसतील तशा लाव की!’’ पुढे कळले की हा प्रश्न शंभर टक्के पदार्थविज्ञानाचा आहे. मी नंतर नीट हिशेब करून जे उत्तर दिले त्यातही एक चूक होती, आणि तिची किंमत त्या मुक्या प्राण्याला मोजावी लागली. ती चूक पुढे ओघात येईलच.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्याकडे भारतात आढळणारा सरडगुहिरा, शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस, हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणे, घरात ठेवणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. शेताच्या बांधावर दिसला तर उभे राहून मनसोक्त पाहा, पण हात लावू नका. लेखाच्या शेवटी एक प्रयोग दिला आहे, त्याला सरडा लागत नाही.

येमेनचा रहिवासी

भाच्याने आणलेली जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य भाग येथली. तिचे शास्त्रीय नाव कॅमेलिओ कॅलिप्ट्रेटस. जर्मन लोक तिला सरळ ‘येमेनचा शॅमेलिऑन’ म्हणतात; आपणही येमेनी म्हणू. नराच्या डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा असतो. हा तुरा लक्षात ठेवा, त्याचे पुढे काम आहे. अरबस्तान म्हटले की आपल्याला वाळवंट आठवते, पण येमेनच्या पश्चिमेला उंच डोंगर आहेत, त्यांच्यावर पायऱ्यापायऱ्यांची शेती आहे, वसंतात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये तेथे पाऊस पडतो. दिवसा कडक ऊन, रात्री चांगला गारवा. अशा मुलखातल्या झाडाझुडपांवर हा प्राणी राहतो.

आता त्याला ओहायोतल्या एका खोलीत, साठ सेंटिमीटर लांब, तितक्याच रुंद आणि एकशेवीस सेंटिमीटर उंच जाळीच्या घरात ठेवायचे. डोंगराचा उतार, ऊन, सावली, पहाटेचे दव या सगळ्याची सोय त्या सव्वा मीटर उंचीत करायची. हे घर लांबट न करता उंच करतात, कारण या प्राण्याला वर चढणे म्हणजे सुरक्षित होणे वाटते. घर ठेवतातही माणसाच्या डोळ्यांपेक्षा उंच, तिवईवर. खाली ठेवले तर येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला वरून झडप घालणाऱ्या पक्ष्यासारखा भासत असला पाहिजे. तो दबून राहतो, खाणे टाकतो.

पकड आणि वाक

सरडगुहिऱ्याचा पाय म्हणजे निसर्गाने केलेला चिमटाच आहे. पाच बोटे दोन जुड्यांत बांधलेली असतात. पुढच्या पायात आतल्या बाजूला तीन आणि बाहेरच्या बाजूला दोन. मागच्या पायात नेमके उलट, आत दोन आणि बाहेर तीन. या दोन जुड्यांमध्ये फांदी धरली की पकड घट्ट बसते. शेपूट हा पाचवा हात. ती पालीसारखी तुटून पुन्हा उगवत नाही.

चिमट्याने टेबलाचा पाय धरता येत नाही, आणि सुई धरायला गेलो तर चिमट्याची टोके एकमेकांवर आपटतात. फांदीचेही तसेच. फांदी फार जाड असली तर बोटे तिला अर्धासुद्धा वेढा घालू शकत नाहीत आणि नुसत्या नखांवर भार येतो. फार बारीक असली तर पंजा मिटून जातो. पूर्ण वाढलेल्या येमेनी सरडगुहिऱ्याला साधारण एक ते अडीच सेंटिमीटर व्यासाच्या फांद्या सोयीच्या पडतात. पण सगळ्या एकाच मापाच्या नकोत. दुकानात मिळणाऱ्या गुळगुळीत गोल काठ्या भाच्याने आधी लावल्या होत्या, त्या काढायला लावल्या. त्यांच्यावर घर्षण कमी, आणि दिवसभर पायाच्या त्याच त्या जागेवर दाब. खडबडीत सालीची, वाकडीतिकडी, मध्येच जाड मध्येच बारीक अशी खरी फांदी केव्हाही चांगली.

आता वाकण्याचा हिशेब पाहू. समजा आपल्या सरड्याचे वजन १८० ग्रॅम आहे. एक सेंटिमीटर व्यासाची, साठ सेंटिमीटर लांब, वाळलेल्या लाकडाची काठी एका टोकाला घट्ट बसवली आणि दुसरे टोक मोकळे ठेवले. सरडा मोकळ्या टोकाशी जाऊन बसला की ते टोक सुमारे अडीच सेंटिमीटर खाली येते. पाय ठेवताच अडीच सेंटिमीटर खचणारी वाट तुम्हाला तरी आवडेल का?

उपाय दोन. काठी दुप्पट जाड घ्यायची, किंवा मोकळे टोकही टेकवायचे. वाकणे हे व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून व्यास दुप्पट केला की वाक सोळावा हिस्सा होतो. दुसऱ्या उपायात दोन्ही टोके टेकवून सरडा मधोमध बसला असे धरले, तर सूत्रातील तीनच्या जागी अठ्ठेचाळीस येतात, आणि तीन हा अठ्ठेचाळीसचा सोळावा हिस्सा! दोन्ही वाटांनी उत्तर एकच, सुमारे दीड मिलिमीटर. हा निव्वळ योगायोग आहे, पण फळ्यावर हा हिशेब मांडला तेव्हा माझे मलाच हसू आले. दुसरा उपाय अर्थातच बरा, कारण त्यात फांदी पंजात मावेल एवढीच राहते. म्हणून मुख्य फांद्या घराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, दोन्ही टोकांना चौकटीला बांधून घ्यायच्या. नुसत्या जाळीला अडकवल्या तर जाळी फाटते, आणि सरडा फांदीसकट खाली येतो.

फांद्यांची गर्दी करणेही चूक. सरडगुहिरा भक्ष्य पकडतो ते जीभ फेकून, आणि ही जीभ धडाच्या दीडपटीहून लांब जाऊ शकते. तेव्हा प्रत्येक बैठकीसमोर वीत-दोन वीत मोकळी हवा पाहिजे. पाने आणि फांद्या कडेने दाट, मध्ये पोकळी, अशी रचना लागते. जाता जाता सांगतो, जीभ फेकण्यापूर्वी अंतर किती आहे हे तो कसे ओळखतो, याचा शोध १९७७ साली लिंडसे हार्कनेस यांनी घेतला. त्यांनी सरडगुहिऱ्याच्या डोळ्यांपुढे भिंगे बसवून पाहिली, तेव्हा त्याचा नेम चुकू लागला. म्हणजे हा प्राणी कॅमेऱ्यासारखा डोळ्याचा फोकस जुळवतो आणि त्या जुळणीवरून अंतर ठरवतो. भिंगांचा धडा शिकविताना शिक्षकांनी हे उदाहरण जरूर सांगावे.

उष्णतेचा जिना

आपल्या शरीराचे तापमान आतल्या आत सदतीस अंशांच्या आसपास राखले जाते. सरपटणाऱ्या प्राण्यांत ही सोय नाही. त्यांना ऊब बाहेरून घ्यावी लागते. थंडी वाटली की उन्हात जायचे, तापले की सावलीत यायचे. सरडगुहिऱ्याच्या बाबतीत ‘जायचे’ याचा अर्थ फांदीवरून जायचे. म्हणजे ज्या तापमानापर्यंत फांदी पोचत नाही ते तापमान त्याच्यासाठी नाहीच. पिंजऱ्यातल्या फांद्या हा त्याचा रेग्युलेटर होय.

थंडीने त्याचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. क्रिस्टोफर अँडरसन आणि स्टीफन डेबन यांनी २०१० साली याच येमेनी जातीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. तापमान दहा अंशांनी उतरवले तर जीभ बाहेर फेकण्याच्या क्षमतेत फरक पडला तो वीस टक्क्यांच्या आतच. कारण फेक स्नायूच्या ताज्या जोरावर होत नाही. ताणून ठेवलेल्या लवचिक ऊतींतून, बेचकीतून खडा सुटावा तशी ती होते. रबराला थंडीने फारसा फरक पडत नाही. परंतु जीभ आत ओढण्याचे काम सरळ स्नायूचे. त्याची क्षमता मात्र चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. यामुळे सकाळच्या गारव्यातही तो शिकार करू शकतो; पण खाल्लेले पचविण्यासाठी त्याला ऊब हवीच.

तेव्हा घराच्या वरच्या एका कोपऱ्यात उबेचा दिवा, त्याखाली बैठकीची फांदी, तेथे सुमारे तीस अंश सेल्सियस, मधल्या भागात पंचवीसच्या आसपास, तळाशी बावीस. या मजल्यांना जोडणाऱ्या फांद्या तिरक्या, जिन्यासारख्या. रात्री दिवे बंद आणि तापमान अठरापर्यंत उतरलेले. एवढे मी भाच्याला सांगितले, आणि दिवा बैठकीच्या फांदीपासून पंचवीस सेंटिमीटर उंच ठेवायला सांगितला. त्याने फांदीला तापमापी बांधला, एकतीस अंश वाचले, मला फोटो पाठवला. आम्ही दोघेही खूश.

तिसऱ्या आठवड्यात सरड्याच्या तुऱ्याच्या टोकावर पांढरट डाग दिसला. चार दिवसांत तो काळा पडला. भाचा त्याला घेऊन पशुवैद्याकडे गेला. भाजल्याची खूण आहे, असे निदान झाले.

मी पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा चूक उघड झाली. तापमापी फांदीवर होता. सरड्याचे पाय फांदीवर होते. पण त्याची पाठ आणि तुरा फांदीपासून सुमारे दहा सेंटिमीटर उंच, म्हणजे दिव्यापासून पंधराच सेंटिमीटरवर! व्यस्त वर्गाचा नियम तुम्ही नववी-दहावीत शिकता: अंतर अर्धे झाले की प्रकाशाची तीव्रता चौपट. पंचवीसला पंधराने भागा आणि वर्ग करा. उत्तर येते २.८. फांदीवर पडणाऱ्या प्रारणाच्या जवळजवळ तिप्पट प्रारण त्या तुऱ्यावर पडत होते. परावर्तक बसवलेल्या झोताच्या दिव्याला हा नियम अगदी काटेकोर लागू पडत नाही, पण चूक कोणत्या दिशेने झाली ते कळायला पुरेसा आहे. वीस वर्षे हा नियम वर्गात शिकवून मी तो सरड्याच्या पायाशी लावला, पाठीशी लावला नाही.

मग पोळत असताना तो तेथून हलला का नाही? पशुवैद्याने भाच्याला सांगितले ते असे: दिव्याचा झोत लहान, शरीर त्या मानाने मोठे. कातडीचा एक तुकडा भाजत असतानाही शरीराचा गाभा गारच राहतो, आणि प्राणी ‘अजून ऊब हवी’ म्हणून तेथेच बसून राहतो. निसर्गात त्याला असा अनुभव कधी येत नाही.

का येत नाही? याचे उत्तर मला फार आवडते. सूर्य आपल्यापासून पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे. झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या सरड्याची पाठ त्याच्या पायांपेक्षा सूर्याला दहा सेंटिमीटर जवळ असली, तरी त्या अंतरापुढे दहा सेंटिमीटर म्हणजे काहीच नव्हे. पाठीला, पायाला आणि खालच्या फांदीलाही सूर्य सारखाच. झाडावर ऊन कमी-अधिक होते ते अंतराने नव्हे, पानांच्या सावलीने. पिंजऱ्यातला दिवा मात्र हातभर अंतरावर असतो आणि प्रत्येक सेंटिमीटरचा हिशेब ठेवतो.

यातून दोन सुधारणा सुचल्या. पहिली, दिवा दूर न्यायचा आणि थोडा मोठा घ्यायचा. पाठ दिव्यापासून पंधरा आणि पाय पंचवीस सेंटिमीटरवर असताना दोहोंतील तफावत २.८ पट होती. दिवा वीस सेंटिमीटर वर सरकवला, तर पाठ पस्तिसावर आणि पाय पंचेचाळिसावर येतात, आणि तफावत सुमारे १.६५ पट उरते. जितके दूर जावे तितके आपण सूर्याच्या जवळ येतो, असे म्हणायला हरकत नाही! तापमापीही आता फांदीला न बांधता फांदीवर दहा सेंटिमीटर उंचीची काडी उभी करून तिच्या टोकाला बांधला. शिवाय दिवा छताच्या जाळीवर नुसता टेकवून ठेवायचा नाही, कारण हे महाशय जाळीला उलटे लटकून छतापर्यंत जातात.

दुसरी सुधारणा झाडाची. बैठकीच्या अर्ध्या फांदीवर पानांची सावली येईल अशी कुंडी सरकवली. आता एकाच फांदीवर, एकाच उंचीवर, दोन पावलांच्या अंतराने ऊन आणि सावली दोन्ही मिळू लागली. तुऱ्यावरची जखम हळूहळू भरली, पण टोक वाकडे राहिले ते राहिलेच.

काचेतून न येणारे ऊन

ऊब देणाऱ्या दिव्याखेरीज या घरात आणखी एक दिवा लागतो, अतिनील किरणांचा. आपल्या जुन्या पुस्तकांत त्यांना जंबुपार किरण म्हटलेले आढळेल. सुमारे २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण कातडीवर पडले की तेथील एका कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्याचे रूपांतर होते आणि पुढे शरीराच्या उबेने त्याचे ड-३ जीवनसत्त्व बनते. ते नसेल तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. हाडे मऊ होऊन वाकतात, आणि पंजाची पकडच जाते. पाळलेल्या सरडगुहिऱ्यांच्या मृत्यूचे हे एक नेहमीचे कारण. नवखे लोक पिंजरा खिडकीशी ठेवतात आणि ऊन मिळते आहे असे समजतात. परंतु खिडकीची साधी काच नेमके हेच किरण अडवून धरते. आत येते ती फक्त ऊब आणि उजेड.

किती अतिनील द्यावे? याचे सुंदर उत्तर क्रिस्टोफर कार्स्टन, गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दिले. त्यांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर प्रयोग केले. ज्यांच्या आहारात ड-३ कमी होते ते सरडे अतिनील दिव्याच्या जवळ अधिक वेळ बसले. ज्यांना आहारातून भरपूर मिळत होते ते दूर राहिले. शरीरात किती आहे आणि किती हवे, याचा ताळा तो प्राणी स्वतः ठेवतो. आपण फक्त त्याला निवड करता येईल अशी जागा द्यायची.

या निवडीसाठी पुन्हा फांद्याच लागतात. अतिनील दिवा बहुधा लांब नळीच्या रूपात असतो. नळीच्या जवळ असताना तीव्रता अंतराच्या वर्गाने न घटता साधारण अंतराच्याच प्रमाणात घटते, म्हणजे अंतर दुप्पट तर तीव्रता निम्मी. छताची जाळीही त्यातला काही भाग खाते. नळी आणि उबेचा दिवा शेजारी शेजारी लावावेत, कारण सूर्याकडून या दोन्ही गोष्टी त्याला एकत्रच मिळत आलेल्या आहेत. मात्र पानांच्या आड अशीही बैठक हवी की जेथे अतिनील जवळजवळ शून्य आहे.

पान, थेंब आणि रात्र

झाडे कोणती लावावीत याविषयी फार लिहीत नाही. फायकस बेंजामिना हे आपल्या वड-पिंपळाच्याच कुळातले शोभेचे झाड, जास्वंद आणि मनी प्लँट ही तिकडच्या पाळणाऱ्यांची नेहमीची निवड. येमेनी जात कीटकांबरोबर पाने-फुलेही खाते, म्हणून झाड विषारी असता कामा नये. आपल्या ओळखीची कण्हेर येथे बाद. तिचे विष हृदयावर परिणाम करते. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडावर कीटकनाशक मारलेले असू शकते, तेव्हा पाने धुऊन काही आठवडे ते बाहेर ठेवलेले बरे. भाच्याचा सरडा जास्वंदीची फुले आवडीने खातो. झाडाला फूल टिकू देत नाही.

पानांचे खरे काम पाण्याचे आहे. सरडगुहिऱ्यापुढे वाटीत पाणी ठेवले तर तो बहुधा त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तो पितो पानावरचे थेंब. पृष्ठताणामुळे पाण्याचा गोल थेंब होतो, थेंब भिंगासारखा चमकतो, आणि ती चमक पाहून तो जीभ लावतो. गुळगुळीत, मेणचट पानावर थेंब टपोरा राहतो. लवदार किंवा शोषणाऱ्या पानावर पसरतो. फायकस आणि मनी प्लँटचे पान या कामाला उत्तम. वर एका डब्यातून थेंब थेंब पाणी सोडतात. ते पानावरून पानावर ओघळत खाली यावे, पण उबेच्या दिव्यावर पडू नये, नाहीतर तापलेली काच तडकेल. हा साधा विचार आधी करावा लागतो.

ओहायोच्या हिवाळ्यात घरे तापविलेली असतात आणि हवा कोरडी ठक्क. भाचा दिवसातून सहा-सात वेळा फवारा मारू लागला. मी त्याला सांगितले, रात्रीकडे लक्ष दे. हवेत बाष्प तेवढेच असले तरी हवा गार झाली की तिची सापेक्ष आर्द्रता वाढते. दुपारी तीस अंशांना चाळीस टक्के आर्द्रता असलेली हवा रात्री अठरा अंशांना आली, तर बाष्पाचा एक कणही न मिळवता तिची आर्द्रता सुमारे ब्याऐंशी टक्के होते. त्यात कुंडीतल्या ओल्या मातीची भर पडली की पहाटे पानांवर दव धरायला वेळ लागत नाही. येमेनच्या डोंगरात रात्री गारठ्याने जे होते, तेच. दिवसभर ओले ठेवण्याची गरज नाही; उलट तसे केले तर बुरशी धरते. हवा खेळती राहण्यासाठीच जाळी. काचेचे घर असेल तर खाली आणि वर दोन्हीकडे झरोके लागतात, म्हणजे तापलेली हवा वरून निघते आणि गार हवा खालून आत येते. काचेत आणखी एक त्रास असा की सरड्याला स्वतःचे प्रतिबिंब दिसते, आणि तो दुसरा नर समजून फुगतो व रंग बदलतो.

सरडा नसलेले घर

जाणकार पाळणारे प्राणी आणण्यापूर्वी काही दिवस रिकामे घर चालवून पाहतात. शाळेत तुम्हालाही हे करता येईल. मोठ्या लाकडी खोक्याच्या दोन बाजू काढून तेथे जाळी ठोका. आत आडव्या-तिरक्या तीन-चार फांद्या बांधा, कुंडीतले एखादे झाड ठेवा. वर चाळीस वॉटचा तारेचा बल्ब टांगा, एल. ई. डी. दिवा चालणार नाही, त्याची ऊब फार थोडी. विजेची जोडणी शिक्षकांनीच करावी, आणि बल्ब लाकडापासून, पानांपासून लांब असावा.

आता सरड्याच्या जागी एक लहान पत्र्याचा डबा घ्या, त्याला बाहेरून काळा रंग द्या आणि ओली वाळू भरा. एका तापमापीचे टोक वाळूच्या मध्यभागी खुपसा, दुसरा डब्याच्या वरच्या पत्र्याला चिकटवा. पाऱ्याचे तापमापी नकोत, अंकदर्शक बरे. डबा बल्बखालच्या फांदीवर बसवा आणि दर दोन मिनिटांनी दोन्ही तापमाने लिहून आलेख काढा. पत्रा केव्हाच तापलेला असतो आणि वाळू अजून गार. माझ्या भाच्याच्या सरड्याचे काय झाले ते त्या दोन रेषांमध्ये तुम्हाला दिसेल. मग बल्ब वर सरकवा, पुन्हा मोजा. पानांची सावली पाडा, पुन्हा मोजा. डबा पांढरा रंगवूनही पाहा. सरडगुहिरा सकाळी गार असताना गडद रंगाचा होऊन अंग चपटे करतो आणि उन्हाला आडवा बसतो, त्याचे कारण सापडेल.

गेल्या महिन्यात भाच्याने एक नवी अडचण सांगितली. इतक्या फांद्या मापून, टेकवून, घट्ट बांधून दिल्या, पण रात्री झोपायला सरडा त्यांपैकी एकीवरही जात नाही. फायकसच्या अगदी टोकाच्या, पेन्सिलीहून बारीक डहाळीवर जाऊन झोपतो. त्याच्या भाराने ती चांगली वाकते, श्वासागणिक हलते. ‘‘मामा, खाली एक टेकू लावू का?’’

मी नको म्हटले. झाडावरचे बरेच सरडगुहिरे असे टोकाच्या डहाळीवर झोपतात. साप त्या डहाळीवर चढू लागला तर त्याच्या भाराने ती थरथरते आणि झोपलेल्याला जाग येते, असे या प्राण्याचा अभ्यास करणारे मानतात. चालायला न वाकणारी फांदी आणि झोपायला वाकणारी, अशी त्याची वाटणी आहे. ती डहाळी आता आणखी वाढली आहे आणि जाळीला टेकू पाहते आहे. तिचा शेंडा थोडा छाटून ती मोकळीच ठेवायची, असे आम्ही ठरवले आहे.